सेंट ॲन्सेल्म

(१०३३–२१ एप्रिल ११०९). मध्ययुगीन यूरोपातील ख्रिस्ती संत, धर्मशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक. नॉर्मंडीतील बेक मठाचा प्रमुख आणि पुढे इंग्लंडमधील कँटरबरीचा आर्चबिशप. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी त्याने मांडलेला युक्तिवाद पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात आजही चर्चिला जातो आणि त्यामुळे त्याचे नाव मुख्यतः तर्कशास्त्राच्या संदर्भात घेतले जाते. त्याला ‘स्कोलॅस्टिक तत्त्वज्ञानाचा जनक’ असेही संबोधण्यात येते. तथापि हा तर्क एका प्रार्थनेच्या पोटी जन्मला आणि तो मांडणाऱ्या मठवाशाला आयुष्याची अखेरची सोळा वर्षे दोन राजांशी झगडावे लागले, हे ध्यानात घेतल्यावाचून ॲन्सेल्मचे खरे स्वरूप कळत नाही. त्याचे चिंतन आणि त्याचे आचरण या दोहोंच्या मुळाशी एकच कल्पना आढळते व ती म्हणजे ऋजुतेची, म्हणजेच जे जसे असावयास हवे तसे ते असण्याची.

ॲन्सेल्मचा जन्म आल्प्स पर्वतातील आओस्ता या गावी झाला. हे गाव त्या काळी बर्गंडीच्या राज्यात मोडत असे; आता ते इटलीत आहे. त्याचा पिता गुंडुल्फ हा लाँबर्ड कुळातील, सढळ हाताचा व तापट स्वभावाचा, तर आई एर्मेनबेर्गा शांत व धर्मशील होती. त्याचा शिष्य व चरित्रकार एडमर याने त्याच्या बालपणीची एक आठवण नोंदविली आहे. स्वर्ग डोंगरमाथ्यावर टेकलेला आहे, अशी या मुलाची समजूत होती. एका रात्री स्वप्नात तो डोंगर चढून ईश्वराच्या दरबारी गेला आणि तेथे त्याला शुभ्र भाकर खावयास मिळाली. दुसऱ्या दिवशी, आपण खरोखरच स्वर्गात जाऊन आलो, असे तो सर्वांना सांगू लागला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने मठात प्रवेश करण्याची इच्छा व्यक्त केली. परंतु वडिलांची संमती नसल्याने ती फळास आली नाही. पुढे आई निवर्तली व पित्याशी त्याचे बिनसले. तेविसाव्या वर्षी त्याने घर सोडले, आल्प्स ओलांडला आणि सु. तीन वर्षे बर्गंडी व फ्रान्समध्ये भ्रमंती केल्यावर १०५९ मध्ये तो बेक येथे पोहोचला.

बेकचा मठ त्या वेळी जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. हेरलूइन नावाच्या एका सरदाराने शस्त्र खाली ठेवून तो स्थापन केला होता. परंतु त्याची कीर्ती झाली ती लॅनफ्रँक या इटालियन पंडितामुळे. त्याच्याजवळ शिकण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी तेथे येत. ॲन्सेल्मही त्याच ओढीने आला आणि १०६० मध्ये बेनेडिक्टाइन मठवासी झाला. लॅनफ्रँक १०६३ मध्ये कां येथील नव्या मठाचा प्रमुख म्हणून गेल्यावर बेकचे उपप्रमुखपद तिशीतल्या ॲन्सेल्मकडे आले. हेरलूइनच्या मृत्यूनंतर १०७८ मध्ये तो मठाचा प्रमुख झाला. या तीस-बत्तीस वर्षांच्या मठवासातच त्याचे बरेचसे मूलगामी लेखन झाले.

शिक्षक म्हणून त्याची दृष्टी त्याच्या काळाच्या मानाने फारच निराळी होती. आपल्या मठातील मुलांना रात्रंदिवस मारूनही ती सुधारत नाहीत, असे गाऱ्हाणे एका मठाधिपतीने त्याच्याजवळ मांडले. बागेत लावलेले रोप चोहोबाजूंनी आवळून ठेवले, तर वर्षांनंतर त्याच्या फांद्या वाकड्यातिकड्या व एकमेकींत गुंतलेल्याच आढळतील आणि तो दोष लावणाऱ्याचाच असेल, या आशयाचे उत्तर ॲन्सेल्मने दिले. एडमरच्या कथनानुसार त्या मठाधिपतीने आपली चूक कबूल केली. मनाची वाढ जबरदस्तीने होत नाही, ही जाणीव ॲन्सेल्मच्या धर्मविचारातही दिसते. श्रद्धाही त्याला दडपणाखालची नको होती.

त्याचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ *मोनोलोगिऑन* (१०७६, म. शी. स्वगत) हा मठवाशांच्या आग्रहामुळे लिहिला गेला. ईश्वरस्वरूपाचे विवेचन करताना धर्मग्रंथाच्या आधारावर काहीही सिद्ध करू नये, जे सांगावयाचे ते केवळ बुद्धीला पटणाऱ्या कारणांनी सांगावे, अशी त्यांची मागणी होती. जगातील वस्तू कमीअधिक चांगल्या आहेत, तेव्हा ज्याच्या योगे त्या चांगल्या ठरतात व जे स्वतःच्याच योगे चांगले आहे, असे एक परमश्रेष्ठ तत्त्व असले पाहिजे, असा या ग्रंथातील युक्तिवादाचा प्रारंभ आहे. ॲन्सेल्मने हे लेखन लॅनफ्रँककडे अभिप्रायार्थ पाठविले. पूर्वसूरींची वचने त्यात कोठेच उद्‌धृत केलेली नाहीत, हे लॅनफ्रँकला रुचले नाही. संत ऑगस्टीनच्या लेखनाशी विसंगत असे आपण काहीही लिहिलेले नाही, एवढेच ॲन्सेल्मने नम्रपणे कळविले. ग्रंथात मात्र बदल केला नाही. नम्रता व ठामपणा यांचा हा मेळ त्याच्या पुढील आयुष्यातही वारंवार दिसून येतो.

तरीही त्याचे समाधान झाले नव्हते. *मोनोलोगिऑन*मध्ये अनेक युक्तिवादांची साखळी होती. ज्याला दुसऱ्या कशाचाही आधार लागणार नाही, असा एकच युक्तिवाद आपल्याला सापडावा, असा ध्यास त्याने घेतला. या ध्यासापायी त्याची अन्नावरील व झोपेवरील वासना उडाली. प्रार्थनेतही लक्ष लागेना, तेव्हा हा सैतानाचाच मोह असावा, असे वाटून त्याने तो विचार झटकून टाकण्याचा प्रयत्न केला. अखेर एके रात्री उपासना चालू असताना त्याला तो युक्तिवाद अकस्मात गवसला. त्याने तो मेणाच्या पाट्यांवर लिहून एका मठवाशाजवळ ठेवावयास दिला. त्या पाट्या हरवल्या. पुन्हा लिहिलेल्या पाट्या जमिनीवर फुटून विखुरलेल्या आढळल्या. मेणाचे तुकडे जुळवून त्याने मजकूर कसाबसा वाचला आणि अखेरीस तो चर्मपत्रावर उतरवून घेतला. हाच *प्रोस्लोगिऑन* (१०७७-७८, म. शी. संबोधन) हा ग्रंथ होय. ‘अर्थबोधाचा शोध घेणारी श्रद्धा’ असे त्याचे मूळ शीर्षक होते आणि ॲन्सेल्मच्या समग्र विचाराचे सूत्र म्हणून तेच पुढे रूढ झाले.

हा ग्रंथ प्रबंध नसून प्रार्थना आहे. लेखक ईश्वरालाच उद्देशून बोलतो. समजले म्हणजे मग श्रद्धा ठेवीन, अशी त्याची भूमिका नाही. श्रद्धा आहे म्हणूनच समजून घ्यावयाचे आहे, अशी आहे. ज्याच्याहून श्रेष्ठ असे काहीही कल्पिता येत नाही, तो ईश्वर, अशी श्रद्धावंताची धारणा असते. ‘ईश्वर नाही’ असे मनात म्हणणाऱ्या, बायबलच्या स्तोत्रांतील मूर्खालाही हे शब्द ऐकले की त्यांचा अर्थ कळतो. म्हणजे ती वस्तू निदान त्याच्या बुद्धीत असते. परंतु केवळ बुद्धीत असण्यापेक्षा प्रत्यक्षातही असणे हे अधिक श्रेष्ठ होय. ती वस्तू केवळ बुद्धीतच असेल, तर तिच्याहून श्रेष्ठ असे काही कल्पिता येईल आणि मग जिच्याहून श्रेष्ठ काही कल्पिता येत नाही, ती हीच असे म्हणणे आत्मविसंगत होईल. तेव्हा ती प्रत्यक्षातही असली पाहिजे. पुढे जाऊन, तिचे नसणे कल्पिताही येत नाही, असे तो दाखवितो. ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात ईश्वर हा कल्पनेच्याही पलीकडचा आहे, असे त्याने म्हटले आहे. टीकाकारांच्या दृष्टीतून बहुधा निसटणारे हे प्रकरण महत्त्वाचे आहे. कारण तर्काने ईश्वराला मुठीत धरले, असा दावा ॲन्सेल्म करीत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. भारतीय वाचकाला येथे *न्यायकुसुमांजलि*कार उदयनाचार्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु उदयनाचार्यांची मुख्य भिस्त कार्यावरून कर्त्याचे अनुमान करण्यावर असल्यामुळे त्यांचे नाते पाहावयाचेच तर ते *मोनोलोगिऑन*च्या वळणाशी अधिक जुळते. केवळ संकल्पनेवरून अस्तित्व सिद्ध करण्याची *प्रोस्लोगिऑन*मधील वाट वेगळी आहे.

या युक्तिवादावर पहिला आक्षेप ॲन्सेल्मच्या हयातीतच आणि तोही एका मठवाशाकडूनच आला. मार्मूत्ये मठातील गॉनिलो याने त्या मूर्खाची बाजू घेऊन एक छोटेखानी लेख लिहिला. महासागरात कोठेतरी हरवलेले, सर्व बेटांहून श्रेष्ठ असे एक बेट आहे, असे कोणी सांगितले तर त्याचा अर्थ मला समजेल. पण तेवढ्यावरून ते बेट असलेच पाहिजे असे म्हणणाऱ्याला मी काय समजावे, असा त्याचा प्रश्न होता. हा युक्तिवाद बेटासारख्या वस्तूंना लागूच पडत नाही, ज्याच्याहून श्रेष्ठ काही कल्पिता येत नाही अशा एकमेव सत्तेलाच तो लागू पडतो, असे ॲन्सेल्मचे उत्तर होते. ते सर्वस्वी समाधानकारक आहे, असे सर्व अभ्यासकांना वाटत नाही. तथापि गॉनिलोचा आक्षेप व आपले उत्तर ही दोन्ही यापुढे ग्रंथाच्या प्रतींना जोडावीत, अशी सूचना ॲन्सेल्मने केली. आपल्या ग्रंथाबरोबर त्याचे खंडनही वाचकाच्या हाती देणारे ग्रंथकार कोणत्याही काळात थोडेच असतात.

पुढे तेराव्या शतकात टॉमस अक्वाय्‌नसने, ईश्वराचे स्वरूप मानवी बुद्धीला ज्ञात नसल्याने त्याचे अस्तित्व आपल्यापुरते स्वयंसिद्ध ठरत नाही, असे सांगून हा युक्तिवाद नाकारला. देकार्तने १६४१ मध्ये आपल्या पद्धतीने तो पुन्हा मांडला व लायप्निट्सने त्यात भर घातली. कांटने १७८१ मध्ये त्याला ‘सत्ताशास्त्रीय’ असे नाव देऊन, अस्तित्व हा वस्तूचा गुणधर्मच नव्हे, या मुद्द्यावर त्याचे खंडन केले. कल्पनेतील शंभर नाण्यांत आणि खिशातील शंभर नाण्यांत संकल्पनेच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, हा त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. यानंतर हा विषय संपला असे वाटत असतानाच विसाव्या शतकात कार्ल बार्ट, नॉर्मन मॅल्कम, चार्ल्स हार्टशॉर्न यांनी तो वेगवेगळ्या दृष्टींनी पुन्हा हाती घेतला. कुर्ट गोडेल या गणितज्ञानेही त्याची एक तर्कशास्त्रीय मांडणी केली. बार्टच्या मते (१९३१) हा मुळी नास्तिकाला दिलेला पुरावा नसून श्रद्धेचे आत्मपरीक्षण आहे. हे मत टोकाचे वाटले, तरी ग्रंथाच्या प्रार्थनारूपाला न्याय देणारे आहे.

१०८० नंतरच्या काही वर्षांत ॲन्सेल्मने सत्य, इच्छास्वातंत्र्य व सैतानाचे पतन या विषयांवर गुरुशिष्य-संवादाच्या स्वरूपात तीन प्रकरणग्रंथ लिहिले. बुद्धीलाच दिसू शकणारी ऋजुता म्हणजे सत्य. केवळ ऋजुतेसाठीच जपलेली इच्छेची ऋजुता म्हणजे न्याय. आणि ती तशी जपण्याचे सामर्थ्य म्हणजे स्वातंत्र्य, अशा व्याख्या त्याने केल्या. पाप करावे वा न करावे, असा पर्याय असणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. तसे असते तर पाप करूच न शकणारा ईश्वर अस्वतंत्र ठरला असता. या व्याख्या कोरड्या वाटतात. पण थोड्याच वर्षांत त्या लिहिणाऱ्यालाच कसोटीला उतरावे लागले.

इंग्लंडचा विजेता पहिला विल्यम १०८७ मध्ये व त्याने नेमलेला कँटरबरीचा आर्चबिशप लॅनफ्रँक १०८९ मध्ये मरण पावला. नवा राजा दुसरा विल्यम (रूफस) याने कँटरबरीचे पद जवळजवळ चार वर्षे रिकामे ठेवले. कारण त्या काळात तेथील जमिनींचे उत्पन्न राजाच्या खजिन्यात जात असे. १०९३ मध्ये ग्लॉस्टर येथे तो मरणासन्न झाला, तेव्हा पापभयाने त्याने त्या वेळी इंग्लंडमध्ये आलेल्या ॲन्सेल्मची त्या पदावर निवड केली. ॲन्सेल्मने नकार दिला. बिशपांनी त्याला राजाच्या शय्येशी ओढत नेले आणि त्याच्या मिटलेल्या मुठीवर धर्मदंड दाबून धरला. इंग्लंडच्या चर्चचा नांगर राजा व आर्चबिशप हे दोन बैल ओढतात. तुम्ही मात्र एका उधळलेल्या खोंडाबरोबर म्हाताऱ्या मेंढीला जुंपत आहात, असे तो म्हणाल्याचे एडमर सांगतो. राजा बरा झाला आणि त्याचा पश्चात्ताप ओसरला. ॲन्सेल्मला ४ डिसेंबर १०९३ रोजी पदाची दीक्षा मिळाली.

राजाशी बेबनाव व्हावयास वेळ लागला नाही. नॉर्मंडीवरील स्वारीसाठी ॲन्सेल्मने देऊ केलेले पाचशे पौंड राजाला अपुरे वाटले व त्याने ते नाकारले. ॲन्सेल्मने ती रक्कम गोरगरिबांना वाटून टाकली. खरा संघर्ष पोपच्या मान्यतेवरून झाला. दुसरा अर्बन व त्याचा प्रतिस्पर्धी तिसरा क्लेमेंट असे दोन पोप त्या वेळी होते आणि त्यांपैकी कोणाला मानावयाचे हे आपण ठरवू, असा राजाचा आग्रह होता. ॲन्सेल्मने बेक येथे असतानाच अर्बनला मान्यता दिली होती. रॉकिंगम येथे १०९५ मध्ये भरलेल्या परिषदेत बहुतेक बिशपांनी राजाची बाजू घेतली. त्यांचा म्होरक्या डरॅमचा बिशप हा होता. काही वर्षांपूर्वी स्वतःवर खटला झाला, तेव्हा त्यानेच राजाविरुद्ध रोमकडे दाद मागितली होती. सरदारांनी मात्र ॲन्सेल्मला सोडून देण्याचे नाकारले. गर्दीतून एक अनाम शिपाई पुढे आला, गुडघे टेकून त्याने ॲन्सेल्मला ईयोबाच्या धैर्याची आठवण करून दिली आणि त्यामुळे लोक आपल्या बाजूचे आहेत, असा त्याला विश्वास वाटला. अखेर राजाने अर्बनला मान्यता दिली. तरीही आर्चबिशपपदाचे चिन्ह असलेली लोकरीची पट्टी (पॅलियम) राजाच्या हातून घेण्याचे ॲन्सेल्मने नाकारले व ती कँटरबरीच्या वेदीवरून स्वतः उचलून घेतली. राजाची अडवणूक पुढेही चालूच राहिल्याने १०९७ च्या अखेरीस पोपचा सल्ला घेण्यासाठी तो रोमकडे निघाला. राजाने लगेच कँटरबरीच्या मिळकती जप्त केल्या.

या पहिल्या विजनवासातच दक्षिण इटलीतील एका डोंगराळ खेड्यात, १०९८ मध्ये, त्याने *कूर देउस होमो* (म. शी. ईश्वर मनुष्य का झाला?) हा ग्रंथ पूर्ण केला. बोसो या आपल्या शिष्याशी केलेल्या संवादाच्या रूपातील या ग्रंथात ख्रिस्ताविषयी काहीच ठाऊक नाही असे गृहीत धरून ख्रिस्ताच्या अवताराची आवश्यकता तर्काने दाखविण्याचे धाडस आहे. पापामुळे मानवावर सैतानाचा हक्क प्रस्थापित झाला व ख्रिस्ताच्या रूपाने त्याला खंडणी द्यावी लागली, असे पूर्वीचे अनेक लेखक मानत. सैतानाला असा कोणताच हक्क नाही, असे ॲन्सेल्मने ठामपणे प्रतिपादिले. पाप म्हणजे ईश्वराचे देणे असलेला मान त्याला न देणे. त्याची भरपाई मानवानेच करावयास हवी; परंतु मानवाजवळ जे काही आहे ते आधीच ईश्वराचे असल्याने ती करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. जो देणे लागतो त्याला ते शक्य नाही आणि ज्याला शक्य आहे तो देणे लागत नाही; म्हणून जो एकाच वेळी ईश्वर व मानव आहे, त्यानेच ते फेडले पाहिजे. या मांडणीवर सरंजामशाहीतील मानापमानाच्या कल्पनांची छाया आहे व तीत प्रेमापेक्षा हिशेब अधिक दिसतो, अशी टीका झाली आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. ॲबेलार्डने पुढच्याच पिढीत ख्रिस्ताच्या प्रेमाने मानवी हृदयात होणाऱ्या परिवर्तनावर भर दिला. मात्र मानवाच्या उद्धाराचा विचार सैतानाशी झालेल्या सौद्यातून सोडविण्याचे श्रेय ॲन्सेल्मकडेच जाते.

बारी येथे १०९८ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेत पवित्र आत्म्याच्या उद्‌गमाविषयी ग्रीक चर्चशी झालेल्या वादात त्याने पश्चिमेकडील चर्चची बाजू मांडली. १०९९ मध्ये रोमच्या परिषदेत तो उपस्थित होता. राजाने वा सरदाराने बिशपला दंड व अंगठी देऊन पदावर बसवू नये आणि बिशपांनी राजापुढे स्वामिनिष्ठेची शपथ घेऊ नये, असा आदेश तेथे काढण्यात आला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. १०९३ मध्ये ॲन्सेल्मने स्वतःच राजाकडून पद स्वीकारले होते व अशी शपथही घेतली होती. त्यामुळे त्याचा पुढील विरोध हा एखाद्या राजकीय सिद्धांतातून नव्हे, तर आपल्या कानांनी ऐकलेली आज्ञा मोडावयाची नाही, या भावनेतून आलेला दिसतो.

दुसरा विल्यम २ ऑगस्ट ११०० रोजी शिकारीत बाण लागून मेला. त्याचा भाऊ पहिला हेन्री याने ॲन्सेल्मला सन्मानाने परत बोलाविले. परंतु १०९९ च्या आदेशामुळे त्याने हेन्रीकडून पद घेण्यास व शपथ घेण्यास नकार दिला. असे असूनही हेन्रीशी त्याचे वैर नव्हते. हेन्रीची नियोजित वधू स्कॉटलंडची राजकन्या मटिल्डा ही मठात राहिलेली असल्याने तिच्या विवाहाला हरकत घेण्यात आली होती. चौकशीअंती ती जोगीण नव्हती असे ठरल्यावर ॲन्सेल्मनेच हा विवाह लावून दिला. ११०१ मध्ये हेन्रीचा भाऊ रॉबर्ट चालून आला, तेव्हाही तो राजाच्या पाठीशी उभा राहिला. ११०२ मध्ये त्याने वेस्टमिन्स्टर येथे धर्मपरिषद भरविली. धर्मगुरूंचे विवाह व पदांची खरेदी-विक्री यांविरुद्धच्या ठरावांबरोबरच, माणसांची जनावरांप्रमाणे विक्री करण्याची प्रथाही तीत निषिद्ध ठरविण्यात आली.

११०३ मध्ये तो पुन्हा रोमला गेला व राजाने त्याला परत येऊ दिले नाही. या दुसऱ्या विजनवासाची किंमत मोठी होती. कळपाला वाऱ्यावर सोडून मेंढपाळ दूर बसला आहे, अशा आशयाची तक्रार कँटरबरीच्या मठवाशांनी पत्रांतून केली. ती अगदीच अन्यायाची होती असे म्हणता येत नाही. आपली ऋजुता जपताना इतरांना सोसावे लागते, हा पेच ॲन्सेल्मला सुटला नाही. त्याच्या पत्रांतून त्याची खंत मात्र जाणवते. ११०५ मध्ये त्याने हेन्रीला बहिष्कृत करण्याची तयारी दाखविली. नॉर्मंडी जिंकण्याच्या बेतात असलेल्या राजाला हे परवडणारे नव्हते. राजाची बहीण ब्ल्वाची अदेला हिने मध्यस्थी केली आणि जुलैमध्ये लेग्ल येथे दोघांची भेट झाली. ऑगस्ट ११०७ मध्ये लंडनच्या परिषदेत तडजोड जाहीर झाली. दंड व अंगठी देण्याचा हक्क राजाने सोडला. बिशपांनी आपल्या जमिनींबद्दल राजापुढे शपथ घेण्यास चर्चने हरकत घेऊ नये, असे ठरले. पोप व सम्राट यांच्यातील वाद ११२२ मध्ये व्होर्म्झ येथे मिटला, तोही बऱ्याच अंशी याच धर्तीवर. बिशपांच्या निवडीवरील राजाचा प्रभाव यानंतरही टिकून राहिला, तेव्हा या तडजोडीत कोण जिंकले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

या सर्व धकाधकीत त्याची भक्तिपर वृत्ती अखंड राहिली. त्याच्या *प्रार्थना व मनने* यांचा यूरोपभर प्रसार झाला. तस्कनीच्या मटिल्डाला त्याने त्यांची प्रत पाठविली होती. त्या घाईने, संपविण्यासाठी वाचू नयेत. मन ईश्वराकडे वळेल इतक्याच, कोठूनही, सावकाश वाचाव्यात, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे. संत पॉलला उद्देशून लिहिलेल्या प्रार्थनेत त्याने येशूला आई म्हणून संबोधिले आहे. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे संबोधन परके वाटणार नाही. त्याची पावणेपाचशेच्या आसपास पत्रे उपलब्ध असून ती मित्रप्रेमाने ओथंबलेली आहेत. प्रवासात एकदा सोबत्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा त्याच्या घोड्याच्या पायांशी लपला. लोक हसू लागले, पण ॲन्सेल्मच्या डोळ्यांत पाणी आले. मरणाच्या वेळी जीवाची अशीच स्थिती होते, असे म्हणून त्याने कुत्र्यांना आवरावयास लावले व ससा सोडून दिला.

हे सारे ज्ञात आहे ते एडमरमुळे. आपले चरित्र लिहिले जात आहे हे कळल्यावर ॲन्सेल्मने ते नष्ट करण्याची आज्ञा केली. एडमरने ती पाळली. पण त्यापूर्वी सर्व मजकुराची नक्कल करून ठेवली. या आज्ञाभंगाबद्दल त्याने वाचकांकडे क्षमा मागितली आहे.

११०९ च्या पुण्यसप्ताहात ॲन्सेल्म अंथरुणाला खिळला होता. ईस्टरच्या आत तो ईश्वराच्या दरबारी जाईल असे दिसते, असे कोणी म्हणाले. तशी इच्छा असेल तर आपण आनंदाने जाऊ; परंतु आत्म्याच्या उत्पत्तीचा प्रश्न आपल्या मनात घोळतो आहे, तो सुटेपर्यंत राहू दिले तर अधिक बरे, कारण आपल्यामागे तो कोणी सोडवील की नाही हे ठाऊक नाही, असे त्याने उत्तर दिले. २१ एप्रिल रोजी, बुधवारी पहाटे, कँटरबरी येथे त्याचे निधन झाले. आर्चबिशप टॉमस बेकेटने ११६३ मध्ये त्याला संतपद मिळावे म्हणून पोपकडे मागणी केली होती. पोप अकरावा क्लेमेंट याने १७२० मध्ये त्याची गणना चर्चच्या आचार्यांत केली. २१ एप्रिल हा त्याचा स्मृतिदिन कॅथलिक व अँग्लिकन हे दोन्ही पंथ पाळतात. कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये त्याच्या नावाचे उपासनागृह आहे. बेकचा मठ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात बंद पडला. १९४८ मध्ये बेनेडिक्टाइन मठवासी तेथे पुन्हा राहावयास आले.